थोरलीने मंजूर केलेलं पान

थोरली धाकटीला पाण्यात पाहत होती. हे कुणी तिला तोंडावर म्हटलं असतं तर तिने त्याची बिनपाण्याने हजामत केली असती, कारण स्वतःच्या मते ती फार मोठ्या मनाची बहीण होती. धाकटीला गणित तिने शिकवलं, सायकल तिने शिकवली, आणि शिक्षण संपून धाकटी घरात नखं चावत बसली तेव्हा तिला हाताला धरून आपल्या ऑफिसात आणलं तेही तिनेच. आपण हाताला धरून आणलेलं माणूस आपल्याच पुढे चालू लागलं की पोटात काय होतं, ते ज्याने कधी कुणाला हात दिलाय त्यालाच विचारावं.

ऑफिस म्हणजे एका जुनाट इमारतीचा सगळ्यात वरचा मजला. लिफ्ट होती, पण तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. तिथे एक लायब्ररी तयार होत असे. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आयती उचलावी आणि आपल्या कामात वापरावी अशी, तयार कोडची. बाकीच्यांनी लायब्ररी बनवायची आणि ती कशी वापरायची ते थोरलीने लिहायचं, अशी वाटणी होती. त्या लिखाणाला सगळे डॉक्युमेंटेशन म्हणत. थोरली म्हणे ‘माझी पानं’.

या पानांमध्ये एक जुना घोळ होता. प्रोसेसरच्या जाती असतात, आणि प्रत्येक जातीसाठी लायब्ररीची वेगळी फाइल घ्यावी लागते. भलतीच घेतली तर कॉम्प्युटर ढिम्म हलत नाही. जाती तशा मोजक्याच, पण त्यांना नावं किती! एकाच जातीला एका पानावर एक्स-सिक्स्टीफोर म्हटलेलं, दुसऱ्या पानावर एएमडी-सिक्स्टीफोर, तिसऱ्यावर आणखी लांबलचक काहीतरी. ज्याने जे पान लिहिलं त्याने आपल्या तोंडात बसलेलं नाव घातलं आणि तो मोकळा झाला. माहेरी बेबी, सासरी वहिनी आणि बँकेत पूर्ण नाव, तसा प्रकार. घरच्यांना ठाऊक असतं की बाई एकच आहे. परक्याने काय करावं?

परक्याने थोरलीला मेल करावा. तसे मेल रोज येत. माझं मशीन यातलं की त्यातलं, ही फाइल घेऊ की ती, तुमच्या पानावर दोन दिसतात त्यात फरक काय? थोरली प्रत्येकाला शांतपणे, गोड शब्दांत उत्तर देई. मग आभाराचा मेल येई: तुम्ही होतात म्हणून सुटलो. असा एखादा आभाराचा मेल आला की ती तो उघडा ठेवून चहा पीत असे.

धाकटीला हे कळायला फार वेळ लागला नाही.

“ताई, हे सगळे लोक तुला तेच तेच का विचारतात गं?” तिने एकदा थोरलीच्या खांद्यावरून डोकावत विचारलं. “सगळ्या पानांवर एका प्रोसेसरला एकच नाव ठेवलं, तर कुणी विचारणारच नाही.”

“तेवढं सोपं नसतं ते,” थोरली म्हणाली.

“का?”

“तू आधी तुझं काम संपव,” थोरली म्हणाली.

धाकटीने तिचं काम संपवलं आणि मग हेही काम हातात घेतलं. तिच्या वागण्यात खोट काढायला जागा नव्हती, हेच तर दुखणं होतं. तिने आधी थोरलीलाच विचारलं, “करू का?” थोरली म्हणाली, “कर की, मला काय.” मग तिने बैठकीत गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणजे ऑफिसचे प्रमुख. आधी कॉलेजात शिकवत, म्हणून ते नाव पडलेलं. ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

“इतकी वर्षं हे कुणाला का सुचलं नाही?” ते सगळ्यांसमोर म्हणाले. बोलताना त्यांनी थोरलीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर परवडलं असतं.

त्याच बैठकीत गुरुजींनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. लायब्ररीची नवी आवृत्ती बाहेर पडली की डॉक्युमेंटेशनला एक स्वतंत्र प्रमुख नेमायचा. सगळी पानं त्या एका माणसाच्या हाताखाली. महिन्यापूर्वी हे ऐकलं असतं तर थोरलीने घरी जाताना आईसाठी काहीतरी गोड घेतलं असतं. आज तिने पाहिलं की अर्धं ऑफिस तिच्याकडे बघतंय आणि अर्धं धाकटीकडे. आणि धाकटी? ती खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होती. जगात अजून पेन्सिल वापरणारी ती एकटीच.

घरी तर विचारूच नका. घर दोन खोल्यांचं, त्यात तिघी जणी, आणि जेवायचं टेबल तेच कामाचं टेबल. आई ताटं मांडता मांडता विचारायची, “धाकटे, कुठवर आलं गं तुझं?” मग धाकटी चमच्याने टेबलावर आकृत्या काढत आईला प्रोसेसर समजावून सांगायची, आणि आयुष्यभर टीव्हीचा रिमोट उलटा धरणारी ती माउली “हो का? अगं बाई!” करत ऐकायची. थोरली त्याच ऑफिसात कितीतरी वर्षं होती. तिला आईने कधी असं विचारलं होतं का? विचारलंही असेल. पण हेव्याला आठवण सोयीपुरतीच असते, तेव्हा थोरलीच्या हिशेबी आईने कधीच विचारलं नव्हतं.

“ताईनेच शिकवलंय मला सगळं,” धाकटी मध्येच म्हणायची. त्यानेही थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कौतुकसुद्धा या पोरीने वाटायचं आणि आपण ते पदरात घ्यायचं!

त्या ऑफिसात एक पद्धत होती, गुरुजींनी कॉलेजातून आणलेली. कुठलंही पान बाहेर जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी ते मोठ्याने वाचायचं. लिहिणाऱ्याने शेजारी बसून ऐकायचं. गुरुजींचं म्हणणं, डोळा चुकीवरून घसरतो, जीभ अडखळते. वाचणाऱ्याने शेवटी म्हणायचं, “माझ्याकडून ठीक.” हे दोन शब्द म्हटले की पान मंजूर. नवीन माणसांना आधी हसू यायचं, पण बसायचे सगळे. पानं वाचायचं काम अर्थातच थोरलीकडे होतं. तिच्याइतकं त्या पानांमधलं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

तर धाकटीची पानं वाचायला थोरली बसली. खिडकीजवळचं टेबल, दोन खुर्च्या, समोर स्क्रीन. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे कानात इअरफोन घातले. थोरली वाचू लागली आणि मनातल्या मनात चूक शोधू लागली. एक पान झालं, दुसरं झालं. नावं सगळीकडे एकसारखी. सुरुवातीला एक छोटा तक्ता: आम्ही या जातीला हे म्हणतो, इतर लोक हे हे म्हणतात, तुमचं मशीन ओळखायचं असेल तर ही आज्ञा द्या. इतकं सोपं, इतकं नीटनेटकं, की थोरलीला ते आपण लिहिलेलं नाही याचा संताप आला.

“इथे स्वल्पविराम नको,” ती म्हणाली.

“काढते,” धाकटी म्हणाली, आणि काढला.

“हे वाक्य लांब आहे.”

“तोडते.”

अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

मग छोट्या कार्डांचं पान आलं. पंखा चालवायला, तापमान मोजायला, दार उघडायला अशा कामांना तळहाताएवढी कॉम्प्युटर-कार्डं वापरतात, त्यांचं. तिथे जुन्या पानांवर दोन नावं होती, आर्म-ईएल आणि आर्म-एचएफ. धाकटीने दोन्ही मिळून एकच केलं होतं, आणि दोन्हींसाठी फाइलही एकच दिली होती.

थोरलीचा आवाज थांबला.

ही दोन नावं एकाची नव्हती. ही दोन वेगळी कार्डं होती. एकाच्या प्रोसेसरमध्ये अपूर्णांकांचं गणित करणारा भाग असतो, दुसऱ्या, जुन्या कार्डात तो नसतोच. पानावर दिलेली फाइल नव्याची होती, ती जुन्यावर घातली की कार्ड मेल्यासारखं पडून राहतं. हे कुठे ठळक लिहिलेलं नव्हतं. थोरली ते स्वतः कार्डं बंद पाडून पाडून शिकली होती. धाकटीने तोवर सगळीकडे एकाच माणसाची अनेक नावं पाहिली होती, त्या झपाट्यात तिने दोन माणसांना एक करून टाकलं. चूक व्हावी तर अशी. आळशी माणसाच्या हातून ती झालीच नसती.

“काय झालं, ताई?” धाकटीने विचारलं.

“काही नाही. घसा सुकला.”

“थांब, पाणी आणते.”

धाकटी उठून गेली. थोरली त्या ओळीसमोर एकटी बसली. एवढंच तर म्हणायचं होतं, अगं वेडे, ही दोन वेगळी आहेत. धाकटीने लगेच म्हटलं असतं, बापरे, बरं झालं ताई तू पाहिलंस. आणि मग पान निर्दोष झालं असतं, आणि गुरुजी पुन्हा खुर्चीतून उठले असते. थोरलीच्या डोळ्यांसमोर दुसरंच चित्र उभं राहिलं. आवृत्ती बाहेर पडलीय. कुणीतरी वैतागून मेल केलाय. सगळे गोंधळलेत. आणि आपण शांतपणे पुढे होतोय: अगं, ही दोन वेगळी असतात, थांब मी बघते. किती साधं! कुणाचं काही वाईट होणार नाही. फक्त धाकटीचं नाक थोडं खाली, आणि आपलं जिथल्या तिथे. मनातल्या मनात मांडे खाण्यात थोरलीचा हात कुणी धरला नसता.

धाकटीने पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला. थोरली पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि पुढच्या ओळीपासून वाचू लागली. शेवटी म्हणाली, “माझ्याकडून ठीक.”

आवृत्ती बाहेर पडली. धाकटीवर कौतुकाचा पाऊस पडला, अनोळखी लोकांनी तिला मेल केले, आईने मामाला फोन करून सांगितलं की धाकटीने त्या लोकांचा सगळा पसारा आवरला. मामाला काय कळलं देव जाणे, पण त्यानेही वा वा म्हटलं. थोरली रोज सकाळी आल्या आल्या मेल उघडायची आणि तक्रार शोधायची. तक्रार नव्हती. तक्रार तर सोडाच, प्रश्नही नव्हते. माझं मशीन कुठलं, असं आता तिला कुणी विचारत नव्हतं. पानच सांगत होतं. तिचा चहा गार व्हायचा आणि समोर उघडं ठेवायला काही नसायचं.

मग एक दिवस फोन आला, तोही गुरुजींच्या टेबलावरचा. गुरुजींनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला. पलीकडे एक बाई होत्या. एका मोठ्या रोपवाटिकेतली यंत्रं त्या सांभाळत.

“आमच्या शेडमधले पंखे तुमच्या लायब्ररीवर चालतात,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. “शनिवारी सगळ्या कार्डांवर नवी आवृत्ती घातली. पानावर लिहिलं होतं तशीच, तीच फाइल. जुनी कार्डं सुरूच झाली नाहीत. रविवारी सुट्टी असते आमच्याकडे. ऊन कडक होतं. सोमवारी दारं उघडली तर रोपं उकडून गेलेली. वाफ्यातली एकूण एक. मी पान परत वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं. माझी चूक कुठे झाली तेवढं सांगाल का? मालक मला विचारताहेत.”

गुरुजी म्हणाले, “बाई, चूक तुमची नाही. मी शोधतो आणि फोन करतो.” फोन ठेवला.

थोरलीने जी तक्रार मागितली होती ती अशी आली. तिच्या चित्रात रोपं नव्हती. कडक उन्हात बंद शेड नव्हती, आणि कामावरून जाण्याची धास्ती घेतलेली बाई तर नव्हतीच. घसा आता खरोखर सुकला. पुढे होऊन ‘थांब मी बघते’ म्हणायची हीच वेळ होती, पण ती पुढे झाली नाही.

धाकटी स्क्रीनसमोर बसली होती. तिला चूक सापडायला फारसा वेळ लागला नाही. एकदा कळलं की ती आंधळ्यालाही दिसण्यासारखी होती. सापडली तसा तिचा चेहरा उतरला. मग तिने हळूच मान वळवून थोरलीकडे पाहिलं, आणि थोरलीला समजलं की हिला समजलं.

“हे पान कुणाचं?” गुरुजींनी विचारलं.

“माझं,” धाकटी उभी राहिली. “दोन वेगळ्या कार्डांना मी एक केलं. चूक माझी आहे.”

“वाचलं कुणी?”

“ताईने.” धाकटीने श्वास घेतला. “पण ताईने पकडलं होतं, गुरुजी. ती त्या ओळीला थांबली होती. ही दोन वेगळी वाटतात, असं म्हणाली ती मला. मीच म्हटलं, नाही, एकच आहेत, मी तपासलंय. मी तिला पुढे वाचायला लावलं.”

सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या. आणि त्या नजरांमध्ये काय होतं सांगू? आदर. तिला पाहिजे होता तोच, अगदी तसाच. गुरुजी मान डोलावत म्हणाले, “म्हणजे या पानांवर शेवटी जुनीच नजर हवी.” प्रमुखाची खुर्ची थोरलीच्या इतकी जवळ आली की बसायचं तेवढं बाकी होतं. तोंड बंद ठेवलं की झालं. तोंड बंद ठेवण्याची तिला सवयही होती.

पण थोरलीच्या डोक्यात त्या वेळी खुर्ची नव्हती. तिच्यासमोर धाकटी उभी होती, ताठ, डोळ्यांत पाणी, दुसऱ्याचं पाप स्वतःच्या माथी घेऊन. किती शोभत होती! आज घरी गेल्यावर आईला कळणार नाही, पण कधीतरी, कुठूनतरी हे कळणारच. मग सगळे म्हणणार, बघा, केवढं मन त्या मुलीचं. हुशारी तिची, मेहनत तिची, कौतुक तिचं, आणि आता हा मोठेपणाही तिचाच? आणि आपण काय, तिने टाकलेल्या खुर्चीवर बसायचं? थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली.

“खोटं बोलतेय ती,” थोरली म्हणाली.

“ताई—”

“गप्प बस. मी काहीही म्हणाले नाही तिला. चूक मला दिसली होती. हिने विचारलं काय झालं, तर घसा सुकला म्हणाले. ही माझ्यासाठी पाणी आणायला गेली, आणि मी विचार करून गप्प राहिले. हिची फजिती व्हावी म्हणून.”

गुरुजी तिच्याकडे वळले. “मग हे आत्ता का सांगताय?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच त्यांना कळत नव्हतं.

सत्यासाठी म्हणून सांगितलं असतं तर थोरलीला उत्तर देता आलं असतं.

“प्रमुखपदाचं आता कुणी काढू नका,” गुरुजी म्हणाले. “पान दुरुस्त करा. आणि त्या बाईंच्या मालकांना मी लेखी कळवतो, चूक आमची म्हणून.”

धाकटी तोवर खोलीतून निघून गेली होती. थोरलीने तिला जिन्यात गाठलं. मधल्या मजल्यावर, बंद लिफ्टच्या दारापाशी, धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“रडू नकोस,” थोरली म्हणाली. “जे खरं ते सांगितलं मी.”

धाकटी वळली. ती रडत नव्हती. थोरलीने तिला इतकं चिडलेलं जन्मात पाहिलं नव्हतं.

“कुणी सांगितलं होतं तुला बोलायला?”

“म्हणजे?”

“मी सावरलं होतं ना सगळं! सगळ्यांना पटलं होतं. तू फक्त गप्प बसायचं होतंस.”

“अगं, मी तुझ्याशी इतकं वाईट वागले—”

“ते मला कळलं, ताई. ती ओळ सापडली तेव्हाच कळलं, आणि फार लागलं. पण मग मला वाटलं, आता माझी पाळी.” धाकटीचा आवाज चिरकला. “गणित तू शिकवलंस. सायकल तू धरलीस. नोकरी तू लावलीस. शाळेत मी ताईची बहीण, इथे मी ताईची बहीण. चार माणसं मला हुशार म्हणतात तेव्हाही माझ्या मनात येतं, हे ताईचंच आहे. मी जेवताना सारखं ‘ताईने शिकवलं, ताईने शिकवलं’ म्हणते, ते काय प्रेमाने म्हणते? मी म्हटलं नाही तर आई म्हणते! आज एकदा तुला माझी गरज होती. एकदाच मी तुझ्यावर उपकार केला होता, आणि तू तो चारचौघांत माझ्या तोंडावर फेकलास. तेवढंही मिळू दिलं नाहीस मला.”

थोरली तिच्याकडे बघत राहिली. त्या डोळ्यांत जे होतं ते तिला ओळखायला शिकवावं लागलं नसतं. ते तिने रोज सकाळी स्वतःच्या आरशात पाहिलं होतं. धाकटी तिचा हेवा करत होती! आजचा नव्हे, सायकलीच्या वेळेपासूनचा.

अशा वेळी माणसाला लाज वाटायला हवी. थोरलीलाही वाटली, रोपं आठवली, त्या बाईंचा थकलेला आवाज आठवला, आणि वाटली. पण ती नंतर. त्याआधी, कबूल करायलाही नको इतका, तिला आनंद झाला. कितीतरी महिन्यांनी ती धाकटीच्या वरच्या पायरीवर उभी होती. मग तिला दिसलं की धाकटीने डोळे पुसलेत आणि खिशातून फोन काढलाय.

“कुणाला करतेस?”

“रोपवाटिकेतल्या बाईंना. माफी मागायला.”

“माफी मी मागणार,” थोरली म्हणाली. “मंजूर मी केलंय.”

“पान माझं आहे.”

“मोठी मी आहे,” थोरली म्हणाली, आणि बाईंचा नंबर ज्यात होता तो गुरुजींच्या टेबलावरचा फोन धाकटीच्या आधी गाठायला दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढू लागली.